दोन कंप्युटर, एक लॅन वायर आणि दोन वेगळेच स्टॉक: डेटाबेस थेट सिंक कसा करायचा?

अक्कलकोटरोडवाला:

नमस्कार मंडळी. आमच्याकडं टॉवेल-नॅपकिनचं काम चालतं, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एकाच कंपाउंडमध्ये पुढं ऑफिस आणि पाठीमागं गोडाऊन, मधलं अंतर साठ-सत्तर मीटर असेल. ऑफिसात मी बसतो, बिलं ऑर्डरी सगळं माझ्याकडं, आणि गोडाऊनच्या कंप्युटरवर पॅकिंगचा पोरगा आवक-जावक टाकतो. प्रोग्राम मालकांच्या भाच्यानं कॉलेजात असताना करून दिलेला, पायथनमधला, डेटा एसक्यूएलाइटच्या (अख्खा डेटाबेस एकाच फाईलीत ठेवणारा प्रोग्राम) एका फाईलीत. प्रोग्राम चांगला हाय, तक्रार नाही, पण तो एका कंप्युटरपुरता केलेला आणि आम्ही तोच दोन्हीकडं टाकून बसलो. भाचा आता पुण्याला नोकरीला, फोन केला की "रविवारी बघतो काका" म्हणतो, कुठला रविवार ते सांगत नाही.

आत्तापर्यंत असं चालायचं की मी पेनड्राइव्ह घेऊन गोडाऊनला जायचो, तिथली फाईल आणायचो आणि माझ्या फाईलीवर पेस्ट मारायचो. हसा खुशाल. गेल्या आठवड्यात ३० बाय ६० पांढरा टॉवेल दोन्हीकडं २४० डझन दिसत होता. मी पार्टीकडून परत आलेले ४० डझन जमा केले, माझ्याकडं झाले २८०. त्याच दुपारी पोरानं ६० डझन ट्रान्सपोर्टला काढले, त्याच्याकडं १८०. संध्याकाळी पेनड्राइव्ह लावला, त्याची फाईल माझ्यावर बसली, मी बघतो तर १८०. पोराला तीन वेळा गठ्ठे मोजायला लावले, बिचाऱ्यानं तिन्ही वेळा २२० सांगितलं आणि मी तिन्ही वेळा त्याच्यावरच आवाज चढवला.

आता लॅन वायर ओढून घेतलीय, दोन्ही कंप्युटर एकमेकांना दिसतात. मालकांना डेटा इंटरनेटवर ठेवायचा नाही, भाव बाहेर जायला नको म्हणतात. तर हे दोन डेटाबेस थेट एकमेकांत सिंक कसे करायचे? मला थोडंफार एसक्यूएल येतं, भाच्याचा कोड वाचला तर कळतो, लिहायला जमेल असं वाटतं.

नवीपेठ_केबल:

काय मालक, आधी एक सांगा, दोन डेटाबेस पाहिजेत कशाला? वायर ओढली ना, मग एकाच कंप्युटरवर डेटाबेस ठेवा आणि दुसऱ्यानं तिथंच जाऊन लिहावं. मारियाडीबी टाका नाहीतर पोस्टग्रेस, नेटवर्कवरनं अनेकांनी वापरायचे डेटाबेस, दोन्ही फुकट. मारियाडीबीचं पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, फायरवॉलमधी तेवढं उघडायचं, बाइंड ॲड्रेस बदलायचा, झालं. शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना सिंक नको असतं, त्यांना एकच वही दोघांनी वापरायची असते.

वायर साठ-सत्तर मीटर म्हणजे काळजी नाही, कॅट सिक्स असो की कॅट फाइव्ह ई, शंभर मीटरपर्यंत चालते. फक्त वायर पॉवरलूमच्या मोटारींच्या लाईनीला चिकटून नेऊ नका, वेगळ्या पाइपातनं न्या.

शेंगाचटणी:

एवढं कशाला, सिंकथिंग टाका ना दोन्हीकडं, फोल्डर आपोआप सिंक होतंय, इंटरनेट लागत नाही, मी फोटो असेच ठेवतो दोन लॅपटॉपवर. पाच मिनिटाचं काम.

बायनरी_आजोबा:

फोटोंना छान आहे, चालू डेटाबेसला अजिबात नको. सिंकथिंग फाईल बघतं, फाईलीच्या आत काय आहे ते त्याला कळत नाही. दोन्हीकडं एकाच वेळी बदल झाला तर ते एका फाईलीचं नाव बदलून बाजूला ठेवतं आणि दुसरी चालू ठेवतं. म्हणजे पेनड्राइव्हनं जे हातानं होत होतं तेच आता न विचारता होणार. शिवाय प्रोग्राम अर्धवट लिहीत असताना फाईल उचलली गेली तर ती फाटकीच पलीकडं पोचते. एसक्यूएलाइट वॅल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाईलीत लिहायची पद्धत) असेल तर नुकत्याच केलेल्या नोंदी काही वेळ शेजारच्या वेगळ्या फाईलीत असतात, मुख्य फाईल एकटी नेली तर त्या राहून जातात.

आणि कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, एसक्यूएलाइटची फाईल शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोन्ही कंप्युटरनी उघडायची, हेही नको. नेटवर्कवरच्या फाईलींचं लॉकिंग भरवशाचं नसतं, वॅल मोड तर नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही. महिनाभर सुरळीत चालेल आणि एका दिवशी "डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड" म्हणून फाईल उघडायचीच बंद होईल.

अक्कलकोटरोडवाला:

@नवीपेठ_केबल तुमचं पटतंय पण अडचण सांगतो. ऑफिस सातला बंद होतं आणि मालक जाताना मेन स्विच पाडूनच जातात, एकदा शॉर्टसर्किट झालेलं तेव्हापासून कुणाचं ऐकत नाहीत. गोडाऊनला पॅकिंग अकरापर्यंत चालतं. म्हणजे डेटाबेस ऑफिसात ठेवला तर रात्री पोरगा बसलाय तोंडाकडं बघत. गोडाऊनला ठेवावा तर तिथली लाईट दुपारी कवाही जाते, आणि तो कंप्युटर सुताच्या बारीक कापसानं भरलेला असतो, पंखा साफ केला की आतनं वात वळता येईल एवढा कापूस निघतो. मेच्या उन्हात आपल्याकडं त्रेचाळीस-चव्वेचाळीसला पारा जातो, तेव्हा तो दुपारी आपणच बंद पडतो. त्यामुळं दोन्हीकडं आपापलं काम चालू राहावं आणि दोघं चालू असले की जुळून घ्यावं, असं पाहिजे.

नवीपेठ_केबल:

मग बरोबर हाय, तुम्हाला खरंच सिंक लागतंय. नाहीतर तिसरा छोटा डबा, रास्पबेरी पाय सारखा, यूपीएसवर ठेवून त्याच्यावर एकच डेटाबेस ठेवता येईल, पण वायर कुरतडली किंवा स्विच गेला की दोघंही बंद. आमच्याकडं उंदरांचं गिऱ्हाईक जास्त हाय बघा.

पूर्वभाग_कोडर:

मी मारियाडीबीचं टू-वे रेप्लिकेशन (एकाकडचे बदल आपोआप दुसऱ्याकडं, दोन्ही बाजूंनी) एका ठिकाणी लावलंय, इथं पूर्व भागातच, ओळखीच्यांच्या दुकानात. दोघंही एकमेकांचे मास्टर आणि एकमेकांचे स्लेव्ह. प्रत्येक कंप्युटर आपण काय काय बदललं ते बिनलॉगमध्ये लिहितो, दुसरा ते वाचून आपल्याकडं तसंच करतो. एखादा बंद असला तर चालू झाल्यावर जिथं थांबला होता तिथनं पुढं वाचतो, म्हणजे तुमचा रात्रीचा प्रश्न सुटला. काळजी एवढीच की सर्व्हर आयडी दोघांचा वेगळा पाहिजे, मूळचा दोघांचा १ च असतो आणि मग ते जोडूनच घेत नाहीत. दुसरं म्हणजे ऑटो इन्क्रीमेंट, म्हणजे नव्या ओळीला आपोआप मिळणारा नंबर, एकाला ऑफसेट १ दुसऱ्याला २ आणि इन्क्रीमेंट दोघांना २, म्हणजे एकाचे नंबर विषम १, ३, ५ आणि दुसऱ्याचे सम २, ४, ६. हे विसरलं की दोघांकडं १५७ नंबरची पावती तयार होते आणि एरर १०६२ डुप्लिकेट एंट्री देऊन रेप्लिकेशन जे थांबतं ते कुणी बघेपर्यंत थांबलेलंच राहतं. आमच्याकडं दोन आठवडे कुणाला पत्ता नव्हता, दोघांना वाटतंय सिंक चाललंय. आता स्क्रीनवर कोपऱ्यात हिरवा-लाल ठिपका केलाय.

बायनरी_आजोबा:

@पूर्वभाग_कोडर मांडणी बरोबर आहे, पण त्यांचा २२० चा घोटाळा यानं सुटत नाही, उलट लपतो. मारियाडीबीचं असं रेप्लिकेशन भांडण सोडवत नाही. वायर निघालेली असताना एकानं "शिल्लक = २८०" लिहिलं आणि दुसऱ्यानं त्याच ओळीवर "शिल्लक = १८०" लिहिलं, तर वायर जोडल्यावर दोघं एकमेकांचं म्हणणं अमलात आणतात, ऑफिसात १८० होतं आणि गोडाऊनला २८०. एरर नाही, काही नाही, दोन्ही ठिपके हिरवे.

तर @अक्कलकोटरोडवाला, सिंकचं काय ते नंतर, आधी तुमच्या टेबलाकडं बघा. भाच्यानं बहुतेक आयटमच्या टेबलात शिल्लक नावाचा कॉलम केलाय आणि प्रत्येक एंट्रीला तो आकडा खोडून नवा लिहितो. बरोबर? आपल्याकडं जुने दिवाणजी शिल्लक खोडत नव्हते हो. रोजमेळात जमा आणि नावे लिहीत जायचे, शिल्लक शेवटी बेरीज-वजाबाकी करून काढायचे. तसंच करा. एक "हालचाल" टेबल: कुठला आयटम, किती डझन, आत की बाहेर, चलान नंबर, कोणी टाकलं. ऑफिसची ओळ अधिक ४०, गोडाऊनची ओळ उणे ६०. या दोन ओळी कुठल्याही क्रमानं पोचू देत, आज पोचू देत की उद्या, २४० अधिक ४० उणे ६० म्हणजे २२० च येणार, दोन्हीकडं. पलीकडं आकडा पाठवायचाच नाही, नोंद पाठवायची.

एवढं केलं की सिंकसाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एसक्यूएलाइट ठेवूनच होईल. प्रत्येक कंप्युटरला एक अक्षर द्या, ऑफिस "ऑ" आणि गोडाऊन "गो". प्रत्येक ओळीला अक्षर आणि त्या कंप्युटरचा चढता नंबर, ऑ-१, ऑ-२, गो-१, गो-२ असं. दोन्ही मिळून प्रायमरी की, म्हणजे त्या ओळीची एकमेव ओळख. हा नंबर एका वेगळ्या छोट्या टेबलातनं घ्या आणि त्यात एसक्यूएलाइटचं ऑटोइन्क्रीमेंट मुद्दाम लिहा (दोन कॉलमच्या प्रायमरी कीवर ते चालत नाही), नाहीतर सगळ्यात शेवटची ओळ डिलीट केली की तोच नंबर तो पुन्हा दुसऱ्या ओळीला देतो. मग दोन्हीकडं एक छोटा प्रोग्राम, पायथनमध्ये शंभर-दीडशे ओळींचा, जो दर मिनिटाला पलीकडच्याला विचारतो: "माझ्याकडं तुझ्या गो-४१२ पर्यंतच्या नोंदी आहेत, पुढच्या दे." आल्या की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या टाकायच्या, म्हणजे एक तर सगळ्या बसतील नाहीतर एकही नाही. टाकताना "इन्सर्ट ऑर इग्नोर" वापरा, म्हणजे लाईट जाऊन तीच नोंद दोनदा आली तरी दुसऱ्यांदा काही होत नाही. पलीकडचा बंद असेल तर गप बसायचं, पुढच्या मिनिटाला परत विचारायचं.

एसक्यूएलाइटमध्ये एका वेळी एकच लिहितो त्यामुळं नंबर आणि लिहिण्याचा क्रम जुळतो, ही "पुढच्या दे" ची युक्ती तिथं बिनधोक चालते. मोठ्या डेटाबेसमध्ये ४१३ नंबर घेणारा ४१४ च्या नंतर कमिट (पक्का) होऊ शकतो, आणि तुम्ही ४१४ घेऊन पुढं गेलात तर ४१३ कायमचा हुकतो. पुढंमागं बदललंत तर हे लक्षात असू द्या.

दोन गोष्टी अजून. डिलीट करायचं नाही. चुकीची नोंद असेल तर "रद्द" अशी उलटी नोंद टाका, कारण डिलीट केलेली ओळ पलीकडं जाऊन "मी गेले" असं सांगत नाही. आणि क्रम ठरवायला घड्याळ वापरू नका, जुन्या कंप्युटरचा बोर्डावरचा सेल गेलेला असतो, वेळ चुकीची दाखवतो.

शेंगाचटणी:

माझं सिंकथिंग मागं घेतो 🙏 पण एक शंका, सगळंच हालचालीत बसत नाही ना. पार्टीचा मोबाईल नंबर बदलला तर? तिथं बेरीज कशी करणार?

बायनरी_आजोबा:

चांगला प्रश्न. तिथं मालकी ठरवायची. पार्टीचा पत्ता, भाव, जीएसटी नंबर ऑफिसनंच बदलायचा, गोडाऊनला फक्त वाचायला. गठ्ठा कुठल्या रॅकवर आहे ते गोडाऊननंच बदलायचं. एका गोष्टीला एकच लिहिणारा असला की भांडण होत नाही. दोघांनीही तीच गोष्ट बदलणं खरंच गरजेचं असेल तर काउचडीबी हा डेटाबेस बघा, ते याच कामासाठी आहे: दोन्हीकडं लिहा, जोडलं की जुळवून घेतं, आणि एकाच कागदावर दोघांनी लिहिलं असेल तर दोन्ही आवृत्त्या ठेवतं, त्यातली एक दोन्ही कंप्युटरवर सारखीच निवडतं आणि दुसरी तुम्हाला दाखवता येते. पोर्ट ५९८४. पण टेबलं जाऊन जेसनचे कागद (प्रत्येक नोंद म्हणजे एक सुटा मजकूर) येतात, भाच्याचा सगळा प्रोग्राम बदलावा लागेल.

पूर्वभाग_कोडर:

बिलाचा नंबर विसरू नका. जीएसटीत बिल नंबर त्या आर्थिक वर्षात ओळीनं आणि एकमेव पाहिजे, सोळा अक्षरांच्या आत. सम-विषम केलं की ऑफिसची बिलं १, ३, ५ अशी जाणार आणि सीए विचारणार २ कुठंय. वेगळी सिरीज चालते, त्यामुळं गोडाऊनवरनं बिल काढायचंच असेल तर त्याची सिरीजच वेगळी करा. नाहीतर बिल फक्त ऑफिसातनं.

हार्डवेअर_अण्णा:

एक जुनी आठवण, विषय निघाला म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस डेटाबेसमधी ब्रीफकेस रेप्लिकेशन, म्हणजे दोन कॉप्या जुळवायची सोय, असायची, ॲक्सेस ९५ पासून. दुकानदार लोक लै वापरायचे. मग २००७ ला नवीन एसीसीडीबी फाईल आली त्यात ती काढूनच टाकली, आणि माझी दोन गिऱ्हाइकं अजून जुन्या एमडीबी फाईलीवरच अडकून बसलीत. असो.

कामाचं सांगतो. दोन्ही कंप्युटरला आयपी फिक्स करा, ऑफिस १९२.१६८.१.१०, गोडाऊन १९२.१६८.१.२०, राउटर जे पत्ते आपणहून वाटतो त्या रेंजच्या बाहेरचे घ्या. तसं न करता सोडलं की लाईट येऊन-जाऊन राउटर कवातरी वेगळाच पत्ता देतो आणि तुमचा प्रोग्राम बंद दारावर टकटक करत बसतो. मधी स्विच नसेल, सरळ वायर असेल, तरी चालतं, आताच्या गिगाबिट कार्डाला क्रॉस केबल लागत नाही, पण तिथं तर आयपी हातानंच द्या, नाहीतर १६९.२५४ नं सुरू होणारा काहीतरी पत्ता घेऊन बसतात. आणि विंडोजमधी नेटवर्क "पब्लिक" वर हाय का "प्रायव्हेट" वर ते बघा. निम्मे लोक इथंच अडकतात, पिंग जात नाही म्हणून वायर बदलतात.

अक्कलकोटरोडवाला:

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी, मध्ये ऑर्डरीचं लै चाललं होतं. आजोबा म्हणतात तसंच केलं. टेबलात खरंच शिल्लक कॉलम होता आणि प्रत्येक एंट्रीला खोडून लिहायचा. भाच्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला "हो ना काका, तेव्हा मला कळत नव्हतं". एका रविवारी (आला एकदाचा) त्यानं पुण्याहनं हालचाल टेबल करून पाठवलं, सिंकचा भाग मी लिहिला. माझा पहिला पायथन प्रोग्राम, एकशे नव्वद ओळी, त्यातल्या चाळीस तर एरर पकडायच्या.

पण पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो, ते ऐका. ऑफिसचं सगळं नीट लावलं आणि वेळ वाचवायला म्हणून अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन गोडाऊनला टाकलं. सेटिंगची फाईलही गेली त्यातनं, म्हणजे गोडाऊनही स्वतःला "ऑ" च समजायला लागलं. दोघंही ऑ-१, ऑ-२ करत सुटले. आणि इन्सर्ट ऑर इग्नोर असल्यामुळं एरर कुठली येतीय, पलीकडनं आलेली ऑ-५ बघायची, म्हणायची ही माझ्याकडं हाय की, आणि सोडून द्यायची. संध्याकाळपर्यंत एकही नोंद इकडची तिकडं नाही आणि स्क्रीनवर "सिंक पूर्ण". पोरगा आला, म्हणाला साहेब माझे नॅपकिनचे १२ डझन तुमच्याकडं दिसंनात. ह्या वेळेला आवाज चढवला नाही, आधी गठ्ठे मोजले.

आता प्रोग्राम सुरू होताना पलीकडच्याला अक्षर विचारतो, सारखं निघालं तर चालूच होत नाही. आणि नोंद इग्नोर करायच्या आधी आतला मजकूर तोच हाय का ते तपासतो, वेगळा असेल तर लाल अक्षरात ओरडतो.

@हार्डवेअर_अण्णा पब्लिकच निघालं. वायर मी आधीच बदलली होती.

बायनरी_आजोबा:

ही चूक मोठमोठे लोक करतात. मायएसक्यूएल या डेटाबेसचं अख्खं डेटा फोल्डर कॉपी करून दुसरा सर्व्हर उभा केला की ऑटो डॉट सीएनएफ फाईलीतनं त्याची ओळखही कॉपी होते आणि रेप्लिकेशन अडतं, ती फाईल काढून टाकावी लागते. मजकूर तपासायचं चांगलं केलंत. रोज संध्याकाळी, दोन्ही चालू असताना, अजून एक करा: दोन्हीकडं प्रत्येक अक्षराच्या एकूण ओळी आणि डझनांची बेरीज काढून ताडून बघा.

बॅकअप वेगळा घेताय ना? गोडाऊनला कोणी चुकून ५० ऐवजी ५०० टाकले तर ते मिनिटात ऑफिसातही ५०० होणार, दुसरी कॉपी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. प्रोग्राम चालू असताना फाईल कॉपी करू नका, एसक्यूएलाइटची बॅकअप कमांड वापरा नाहीतर "व्हॅक्यूम इंटू".

अक्कलकोटरोडवाला:

बॅकअप घेतो, सातला मालक मेन स्विच पाडायच्या आधी, पावणेसातला आपोआप. पेनड्राइव्ह त्यालाच लावून ठेवलाय, तेवढीच त्याची नोकरी राहिली.

एक शेवटचं विचारतो, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत आठ दिवस गोडाऊन बंद असतं, इतक्या दिवसांनी कंप्युटर चालू केला तर साचलेलं सगळं एकदम येईल का अडकेल?

पूर्वभाग_कोडर:

तुमच्या पद्धतीत अडकत नाही, गोडाऊनकडं शेवटचा नंबर लिहून ठेवलेला हाय, तिथनं पुढचं मागेल, ऑफिसनं काही पुसलेलं नाही. हजारभर नोंदी लॅनवर डोळा मिटायच्या आत येतील. माझ्या बिनलॉगवाल्या पद्धतीत मात्र जुने लॉग किती दिवस ठेवायचे ते सेट करावं लागतं, तेवढ्यात जोडला नाही तर डेटा नव्यानं भरावा लागतो.

हार्डवेअर_अण्णा:

सुट्टीवरनं आल्यावर चालू करायच्या आधी पंख्यातला कापूस काढा तेवढा.